बघतो तुला

त्या माणसाने घर शोधून काढलं तर?

शनिवारपासून हा एकच प्रश्न सुलेखाच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणी नाव घेतलं तरी ती दचकायची. कणीक मळताना बाहेर गाडीचं दार वाजलं, की पिठाच्या हातांनी खिडकीशी धावायची. समोरच्या घरी कोणी पार्सल टाकत असायचं. ते बघून परत यायची आणि मळलेली कणीक उगाच पुन्हा मळायची. टेक्ससमधल्या या अर्विंगमध्ये कोणाचं घर शोधणं ते काय अवघड? फोन नंबर टाकला की नाव मिळतं, नाव टाकलं की पत्ता, आणि वर घराचा फोटोसुद्धा. फोटोत त्यांच्या दारातली तुळशीची कुंडीही दिसते, हे तिने स्वतः शोधून पाहिलं होतं.

भीती स्वतःसाठी नव्हती, आबांसाठी होती.

शनिवारी दुपारी ती दुकानासमोर सामान गाडीत भरत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. तिने घेतला नाही. अनोळखी नंबर इथे घेतंच कोण? थोड्या वेळाने व्हॉइसमेलची खूण दिसली. तिने गाडीत बसून तो ऐकला. म्हाताऱ्या पुरुषाचा खरखरीत आवाज होता आणि हिंदी मोडकंतोडकं.

"परलाद, हम रेमा. तुम इधर है, सुना. हम भी इधर है. बहुत साल हो गया. हम भूला नहीं. हम आएगा."

मग बराच वेळ नुसता श्वास. आणि शेवटी, अगदी स्वच्छ मराठीत, "बघतो तुला."

मराठी माणसाला या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. शाळेच्या मैदानावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भावकीच्या बांधावर ते एकाच कामासाठी वापरले जातात. टेक्ससच्या उन्हात, बंद गाडीत सुलेखाच्या अंगावर काटा आला.

तिने तो निरोप आबांना ऐकवला नाही.

आबा म्हणजे प्रल्हाद खुटवड, तिचे वडील. भोर तालुक्यातल्या एका वस्तीवर जन्म, मॅट्रिकपर्यंत शिक्षण, मग सैन्यात वायरलेस ऑपरेटर. तिथून सुटल्यावर पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी. आयुष्यभर एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवणारा माणूस, पण स्वतःचं बोलणं मात्र पोटात. आई गेली तेव्हा सुलेखा त्यांना इकडे घेऊन आली. पहिलं वर्ष त्यांनी पाहुण्यासारखं काढलं. प्रत्येक दिवा लावायच्या आधी "लावू का गं?" असं विचारायचे. मग हळूहळू रुळले. सकाळी कालव्याच्या कडेने फिरायला जाऊ लागले, शेजारच्या मेक्सिकन आजोबांशी खाणाखुणांनी मिरच्यांच्या रोपांची देवाणघेवाण करू लागले. चौथ्या घरातल्या तेलुगू बाईंचा बिघडलेला रेडिओ त्यांनी स्वयंपाकघरातल्या सुरीने दुरुस्त करून दिला. त्या तेव्हापासून त्यांना इंजिनिअर अंकल म्हणतात. आबांनी चूक कधी सुधारली नाही.

त्यांची एकच खोड जाता जात नव्हती. दिवेलागण झाली की ते बाहेरच्या दारात जाऊन उभे राहायचे. उन्हाळा असो, थंडी असो. सुलेखा आली, जावई सिद्धेश आला, नात रुचा कॉलेजमधून आली, की प्रत्येकाला नजरेने टिपायचे आणि शेवटचं माणूस आत आलं की दाराला कडी घालून म्हणायचे, "सगळे आत." मगच जेवायला बसायचे. एखाद्या दिवशी रुचा मैत्रिणींबरोबर बाहेर जेवणार असली तर आबा ताटावर बसायचे, पण घास तोंडाशी नेऊन खाली ठेवायचे. सुलेखाला ते म्हातारपणाचं प्रेम वाटायचं. रुचाला जाच वाटायचा. "आजोबा, आय ॲम नाइनटीन," ती म्हणायची. "असशील बाळा," आबा म्हणायचे, "पण अंधार पडलाय ना."

रेमाचं नाव घरात आलं ते महिन्याभरापूर्वी, किराणा दुकानातून. काउंटरवर एक नवीन मुलगी होती. बारीक डोळ्यांची, हसरी. छातीवरच्या पट्टीवरचं नाव आबांनी चष्मा वर करून वाचलं आणि एकदम म्हणाले, "चिबाई!"

मुलीच्या हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच राहिली. "चिबाई, पु," ती म्हणाली. मग दोघं असं काही हसले की मागची रांग खोळंबली. मुलगी मिझोरामची निघाली. चिबाई म्हणजे नमस्कार, पु म्हणजे आजोबा, असं आबांनीच नंतर गाडीत सांगितलं. तिच्या चर्चमध्ये, इथून जवळच लुइसव्हिलला, मिझो बोलणारी पुष्कळ माणसं आहेत म्हणे. आबांनी तिला एक नाव दिलं होतं आणि आपला नंबर पाठ नसल्यामुळे सुलेखाचा.

"कोणाचं नाव दिलंत?" सुलेखाने विचारलं होतं.

"रेमा," आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "माझ्या तरुणपणी ओळख होती. असेल नसेल, देव जाणे."

सुलेखाने त्या रात्री सिद्धेशला सांगितलं, "आता या वयात आबांना रेमा आठवतेय." तो हसून म्हणाला, "आठवू दे की. आपल्याला सासूबाई मिळतील." तिने त्याला उशी मारली होती. रमा, रेवा, रेमा. आकारान्त नाव बाईचंच असणार, हे कोणाला शिकवावं लागतं? आणि मग शनिवारी तो पुरुषी आवाज आला, आणि शेवटी ते दोन शब्द.

तेव्हापासून आबा रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन विचारत होते, "फोन आला का गं कोणाचा?"

"नाही आबा."

"असू दे, असू दे." ते म्हणायचे, आणि बशी पुसून ठेवायचे.

खोटं बोलताना ती त्यांच्याकडे बघायचं टाळायची. पण आबांच्या हृदयात नळी बसवलेली होती, आणि गुरुवारी तपासणी होती. तपासणी होऊ दे, मग बघू, अशी ती मनाची समजूत घालत राहिली. पोलिसांना कळवावं का, हाही विचार येऊन गेला. पण सांगणार काय? एका म्हाताऱ्याने दुसऱ्या म्हाताऱ्याला म्हटलंय की मी तुला बघतो?

गुरुवारी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण ताण नको, दगदग नको, मनाला धक्का नको. सुलेखाने प्रत्येक 'नको'ला मान डोलावली. परतताना ती गाडी चालवत होती, आबा शेजारी, रुचा मागे. रस्त्याचं काम चालू होतं म्हणून तिने रुचाला आपला फोन दिला. "जरा दुसरा रस्ता बघ गं."

रुचाने रस्ता बघितला. मग म्हणाली, "मॉम, तुझा एक व्हॉइसमेल आहे, सॅटर्डेचा. ट्रान्सक्रिप्ट फनी आहे. इट सेज, 'बग तो टूला'."

"रुचा, ठेव तो फोन."

"वन सेकंद."

फोन गाडीला जोडलेला होता. चारी स्पीकरमधून रेमा बोलू लागला. परलाद, हम रेमा. सुलेखाने बटण शोधण्यासाठी हात लांब केला, गाडी शेजारच्या पट्ट्यात झुकली, मागून कोणीतरी जोरात हॉर्न वाजवला. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले. निरोप चालूच राहिला. हम भूला नहीं. हम आएगा. तो लांब श्वास. आणि मग, "बघतो तुला."

आबांनी सीटबेल्ट घट्ट धरला होता. चेहरा पांढराफटक.

"गाडी थांबव बाळ," ते म्हणाले.

ती एका डोनटच्या दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये वळली. इंजिन चालूच ठेवलं, एसीसाठी. "आबा, छातीत दुखतंय का? खरं सांगा. गोळी देऊ?"

"कधी आला हा फोन?"

"शनिवारी."

"आणि मी रोज विचारत होतो."

"आबा, तो माणूस धमकी देतोय तुम्हाला! मी कशी ऐकवणार होते? कोण आहे हा रेमा? काय केलंत तुम्ही त्याचं?"

"धमकी?" आबा तिच्याकडे वळले. आणि तिला वाटलं नव्हतं तसं झालं. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हसला. "अगं, हे मीच शिकवलंय त्याला."

मग त्यांनी सांगितलं. सुलेखाला एवढं सलग बोललेले आबा आठवत नव्हते.

साठच्या दशकात मिझो टेकड्यांमध्ये बंड पेटलं होतं, आणि आबांची पलटण तिथे होती. बंडखोरांना रानातल्या गावांतून तांदूळ मिळायचा, म्हणून सरकारने लांबलांबची गावं उठवून रस्त्याच्या कडेला एकत्र आणली होती. त्या वसाहतींना नाव मात्र गोंडस होतं, सुरक्षित आणि प्रगतिशील गाव. भोवती बांबूचं कुंपण, एक फाटक. सकाळी पास दाखवून माणसं डोंगरउतारावरच्या शेतात जायची, अंधार पडायच्या आत परत यायची. फाटक बंद झालं की बाहेर जे हलेल त्यावर गोळी. प्रल्हाद तिथे वायरलेस सेटवर बसायचा. संध्याकाळी फाटक लागलं की वरच्या ठाण्याला कळवायचं, सब अंदर.

"रेमा आमचा दुभाषा. मिशनच्या शाळेत शिकलेला, मिशी फुटायची होती अजून. त्याचंसुद्धा गाव उठवलेलं. लोक फाटकाशी यायचे, तो त्यांचं आम्हाला सांगायचा, आमचं त्यांना. दोन्हीकडून शिव्या खायचा. आमच्याकडचे म्हणायचे त्यांचा आहे, त्यांच्याकडचे म्हणायचे आमच्याकडचा." आबांनी मांडीवर बोटाने चौकट ओढली. "आम्ही दोघं खड्यांचा खेळ खेळायचो, वाघबकरी. मी त्याला शिकवला, आणि तो रोज मला हरवायचा. मी उठताना दम द्यायचो, उद्या बघतो तुला! एकदा त्याने विचारलं, परलाद, इसका मतलब? मी म्हटलं, फिर मिलेंगे."

मागून रुचा फिस्कन हसली. "आजोबा! यू ट्रोल्ड हिम."

"काय केलं?"

"थट्टा केलीत त्याची."

"हो. थट्टाच." आबा म्हणाले. "मग तो सगळ्यांनाच म्हणायला लागला. सुभेदारसाहेबांना सॅल्यूट ठोकून, बघतो तुला, साब! आमची पोरं पोट धरून हसायची."

सुलेखाच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. थोडंच. कारण आबा हसत नव्हते.

"मग झालं काय आबा? चांगलं आहे की हे."

आबांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली.

"एका संध्याकाळी त्याचे वडील परत आले नाहीत. शेत लांब होतं, पाऊस होऊन गेलेला, वाटा निसरड्या. फाटकावर पास मोजणारा शिपाई नवखा, त्याच्या ध्यानात आलं नाही. रेमाच्या आलं. तो माझ्याकडे आला. मी सेट चालू केला होता. एक माणूस कमी म्हणून कळवलं असतं, तर तो बंडखोरांना मिळाला असं धरून गस्त सुटली असती. दिसला की गोळी. रेमाने माझा हात धरला. म्हणाला, बोल दो, सब अंदर. बाप को रास्ता मालूम है, रात को जंगल में बैठेगा, सुबह आएगा."

"आणि तुम्ही?"

"मी कळवलं, सब अंदर."

दुकानातून एक बाई गुलाबी खोका घेऊन बाहेर आली आणि निघून गेली.

"पण म्हातारं माणूस रात्रभर रानात थांबेल कशावरून? अंधारात कुंपणापाशी आलं असतं तर? पहाऱ्यावरच्या पोरांना तर माहीतच नव्हतं की आपलं एक माणूस बाहेर आहे. मीच तसं कळवलं होतं ना! त्या रात्री गोळीचा आवाज झाला. एकदाच. रानडुक्कर असेल म्हणाले. उजाडायच्या आधी हुकूम आला, माझी तुकडी दुसऱ्या ठाण्यावर. ट्रकमध्ये बसलो. रेमा फाटकाशी उभा होता, माझ्याकडे पाठ करून, वाटेकडे बघत. मला काही सुचलं नाही. सवयीने ओरडलो, बघतो तुला! त्याने मान वळवली नाही."

"मग? नंतर कळलंच असेल ना कधीतरी?"

"कोणाकडून? विचारलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. त्याचंही आणि माझंही." आबा समोरच्या काचेकडे बघत होते. "म्हातारा परत आला का, एवढंच मला माहीत नाही."

सुलेखाला एकदम दार दिसलं. दिवेलागणीला दारात उभे राहिलेले आबा, त्यांची ती मोजणारी नजर, तोंडाशी नेऊन खाली ठेवलेला घास. सगळे आत. ती लहान असताना पुण्यातही ते असंच म्हणायचे, आणि आई चिडायची, "आत नाही तर काय, पळून जाणार आहोत का?"

"आबा, तो निरोप मग फिर मिलेंगे आहे. साधा." ती म्हणाली, स्वतःलाच समजावल्यासारखं.

"असेल. पण माझ्यामागे मराठी पोरं तिथं राहिली होती अजून. कोणीतरी खरा अर्थ सांगितला असेलच की त्याला." आबांनी रुमाल खिशात ठेवला. "त्याला दोन्ही अर्थ ठाऊक असणार. कुठला धरून बोलला, ते तोच जाणे."

घरी आल्यावर सुलेखाने जेवण गरम करायला घेतलं आणि आबा कपडे बदलायला गेले, तेव्हा रुचा ओट्याला टेकून उभी राहिली.

"मॉम, कॉल करायचा ना?"

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? धक्का नको. तिकडून काहीबाही ऐकायला मिळालं तर? रेमांचे वडील तेव्हाच... तर? आबा कोसळतील."

"ही हॅज बीन वेटिंग सिन्स बिफोर यू वर बॉर्न."

"तुला कळत नाही."

"मला कळतं. तू मला पण असंच करतेस. सगळं आधी तूच ऐकतेस, मग ठरवतेस आम्हाला काय सांगायचं ते."

सुलेखाने तवा खाली उतरवला. पोरीला रागवावं असं यात काही नव्हतं, हीच अडचण होती.

आबा बाहेर आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरात, जेवायला. ते खुर्चीत बसले नाहीत.

"सुलेखा, मला फोनवर नीट ऐकू येत नाही. तो बोलेल ते शब्द पकडायला हवेत. तू बोल त्याच्याशी."

"मी? आबा, मी काय विचारू त्यांना?"

"मी सांगितलं तेवढंच. म्हातारा आला होता का."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणाले म्हणून सांग. आलेला निरोप आहे तसा पुढे द्यायचा, त्यात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "एकदाच मी स्वतःचं घातलं होतं त्यात."

"डॉक्टर म्हणालेत धक्का नको."

"त्या डॉक्टरला विचार, न कळलेलं चालतं का म्हणावं हृदयाला."

बाहेर ऊन उतरलं होतं. समोरच्या घराचे गवतावरचे फवारे सुरू झाले. आबा सवयीने दाराकडे गेले आणि चौकटीला हात लावून उभे राहिले. सिद्धेशची गाडी अजून यायची होती.

सुलेखा ओट्याशीच उभी होती. तिने मनातल्या मनात दोन्ही उत्तरं ऐकून पाहिली. एका उत्तरात आबा दारातून आत येत होते, ताटावर बसत होते, घास घेत होते. दुसऱ्या उत्तरात त्यांचा हात छातीकडे जात होता. यांतलं कोणतं खरं, ते लुइसव्हिलमधल्या कोणा म्हाताऱ्याच्या ओठांवर होतं. आणि तोही शनिवारपासून फोनकडे बघत बसला असेल, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. इतक्या वर्षांनी आवाज दिला, आणि पलीकडून काहीच नाही. आबांनी पुन्हा एकदा पाठ फिरवली, असंच त्याला वाटलं असणार. आणि ती पाठ फिरवली होती तिने.

तिने हात धुतले. गोळीची डबी खिशात टाकली. रुचाला म्हणाली, "खुर्ची आण आजोबांसाठी, दारात." आणि फोन घेऊन बाहेर आली.

"आबा, बसा. हात द्या इकडे."

आबा बसले. तिने त्यांचा हात धरला. नाडी फडफडत होती, पण चालू होती. नंबर समोर होता. एकच अडचण उरली होती, आणि ती विचित्र होती. त्या माणसाला हाक काय मारायची? मिस्टर रेमा? अंकल? तिच्या वडिलांचा जुना दोस्त. ज्याला ती पाच दिवस गुंड समजत होती.

मग तिला कळलं की यात विचार करण्यासारखं काहीच नाही. वडिलांच्या मित्राला जे म्हणतात तेच.

तिने नंबर दाबला, फोन कानाला लावला, आणि पलीकडची रिंग ऐकत तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिलं, "हॅलो, रेमाकाका? मैं परलाद की बेटी बोल रही हूँ."